डोहावरचं वळण

भावजी, तुम्ही कशाने गेलात हे गावाने तुमची राख निवायच्या आत ठरवून टाकलं. म्हाताऱ्या म्हणाल्या, डोहातल्या आसरांनी ओढलं. पारावरचे म्हणाले, विमानातलं पेट्रोल संपलं. शिरूरच्या डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं कागदावर लिहून दिलं. दौंडचे तुमचे दोस्त दामूआप्पा मात्र काहीच म्हणाले नाहीत. ते आपल्या ओट्यावर खांबाला टेकून बसले. ताट पुढे ठेवलं की मागे सारायचे. राख सावडून आल्यावर मी विचारलं, तेव्हा खाली बघत म्हणाले, "वैनी, मी केलेल्या कॉकनं मारला त्याला."

म्हणून हे लिहिते आहे. गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द चांगले लिहायची रीत असते. ती माझ्याच्याने होणार नाही. तुम्ही हट्टी होता, जेवताना बोलत नव्हता, आणि बायकोला, सुमनला, एखादं लुगडं आणलंत तरी ते तिच्या हातात न देता खुंटीला अडकवून निघून जायचात. पण आप्पांच्या डोक्यावर तुमचं मरण राहू देणं बरोबर नव्हतं. ते खरं की खोटं, मला पाहायचं होतं.

मी या घरात आले तेव्हा तुम्ही शाळेत जात होता. माझी पहिली करपलेली भाकरी तुम्हीच खाल्लीत आणि वर म्हणालात, "वहिनी, कोळसा छान झालाय." मग तुम्ही हवाई दलात गेलात, इंजिनाचे फिटर झालात. तुम्ही तिकडे असतानाच तुमचे दादा, माझे मालक, डोहात बुडाले. बैल पोहणीला लावले होते, बैल बाहेर आले, ते आले नाहीत. तुम्ही रजा काढून आलात. गळ टाकले, जाळी टाकली, काही लागलं नाही. तुम्ही दिवसभर काठावर उभे राहिलात आणि तिन्हीसांजेला घरी येऊन पाणी मागितलंत. मी दिलं. त्यावर आपण दोघं कधीच बोललो नाही. बहात्तरच्या दुष्काळात भीमा आटली, वाळू तेवढी उरली, तरी डोह आटला नाही. गाव त्याचंच पाणी भरत होतं. मी टँकरची वाट बघायचे.

पेन्शन घेऊन तुम्ही वडगावला आलात ते भंगारातून घेतलेलं एक इंजिन बैलगाडीत घालून. गोठा रिकामा होता, त्यात ते उतरवलंत. मी म्हटलं, "पाण्याचं इंजिन एवढं मोठं? विहीर तरी केवढी हाय आपली?"

"विहिरीचं न्हाई. विमानाचं हाय."

"आन् विमान?"

"ते आता बनवायचं."

सुमन घरात निघून गेली. तुम्ही मला म्हणालात, "आयुष्यभर दुसऱ्यांची विमानं नीट केली वहिनी. एक आपलं असावं." मला ते पटलं. माझं आयुष्य दुसऱ्यांच्या चुली पेटवण्यात गेलं होतं.

पंखांना चढवायचा मांजरपाट मी तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारातून आणला. दुकानदार ताग्यावर तागा मोजत होता. शेवटी थांबून त्याने हळूच विचारलं, "मावशी, एवढा मांजरपाट? गावात साथबीथ आलीया का?" मी म्हटलं, माझ्या दिराला आहे. त्या बिचाऱ्याने दोन वार जास्त दिले. मी आणि सुमनने तो कपडा पंखांवर ताणून शिवला. तुम्ही वरून वासाचं रोगण दिलंत. वाळल्यावर त्यावर टिचकी मारली की डफासारखा वाजायचा.

पोलीस पाटील पाहायला आले. "परवानगी हाय का फिटर?"

"अर्ज मुंबईला गेलाय पाटील."

"अर्ज गेलाय मुंबईला, मग हे कुठं चाललंय?"

"हे कशाला मुंबईला जातंय? उसावरनं एक चक्कर मारून माघारी."

पाटील हसले. परवानगी आली नाही, आणि तुम्ही वाट पाहिली नाहीत.

यंत्रातलं मला कळत नाही, पण टाक्यांचं तुम्ही समजावून सांगितलं होतं ते कळलं. दोन पंखांत दोन पत्र्याच्या टाक्या, प्रत्येकीला वर झाकण आणि तिथूनच निघून पंखाखाली वाकवलेली एक बारीक नळी. मी विचारलं, ही नळी कशाला? तुम्ही गोडेतेलाचा डबा आणलात. एक भोक पाडून उपडा केलात. तेल गुडगुडलं आणि अडकलं. दुसरं भोक पाडलंत, धार लागली. "पेट्रोल जाईल तेवढी हवा आत आली पाहिजे. न्हाईतर टाकीचा श्वास कोंडतो, आन् इंजिन उपाशी मरतं." सुमन म्हणाली, डब्याला दोन भोकं पाडलीत, आता तेल कशात ठेवू.

आणखी एक होतं. पंप इंजिनाला लागतं त्याहून जास्त पेट्रोल ओढायचा. उरलेलं परतीच्या नळीने टाकीत यायचं. इंजिन कोणत्याही टाकीतून प्यालं तरी परतीची नळी तुम्ही डाव्या टाकीत सोडली होती. तेव्हा त्यात काही खोट दिसली नाही, तुम्हाला नाही आणि आप्पांनाही नाही.

आप्पा दौंडच्या रेल्वेत टर्नर. सुटीला गाडीने यायचे, मग सायकल, मग होडीने अलीकडे. पहिल्यांदा आले तेव्हा सुमनने त्यांना वेगळ्या कपात चहा दिला. बौद्धवाड्यातल्या माणसासाठी आपल्याकडे असा कप असायचा, कानतुटका, फळीच्या टोकाला. तुम्ही तो उचलून त्यातला चहा स्वतः प्यालात आणि आपला कप आप्पांपुढे सरकवलात. पुढच्या खेपेला तो कप फळीवर नव्हता.

आणि तुमचं ते वळण. गावाच्या माळावरून उडायचं, उसावरून नदीकडे जायचं, डोहावर वळायचं आणि माघारी. दर वेळी डोहावरच. आपलं भांडण त्यावरून होतं, आणि ते मिटलं नाही.

मी म्हणायचे, "दुसरीकडं वळा की. तळेगावच्या अंगाला रान मोकळं हाय."

"तिकडं बंद पडलं तर उतरू कुठं? डोहाच्या कडेला वाळू हाय, लांबलचक, सपाट."

"म्हणजे बंद पडंल म्हणून तुम्ही तिथं वळता."

"व्हय."

"आन् तिथं वळता म्हणूनच ते तिथं बंद पडतं."

तुम्ही हसलात. "वहिनी, तुम्ही वकील व्हायला पायजे होता."

ते बोलणं झालं तेव्हा विमान एकदा बंद पडून झालं होतं. उन्हं चढली होती, बायका उसात खुरपत होत्या, मी बांधावर होते. वरून घरघर येत होती. तुम्ही डोहावर वळलात आणि आवाज गेला. असा गेला की आपल्यालाच ऐकू यायचं थांबलं असं वाटावं. विमान मुकाट्याने वाळूकडे सरकत खाली आलं. मी पोचले तोवर तुम्ही पंखावर चढला होता. "पेट्रोल तर अर्ध्याच्या वर हाय," म्हणालात आणि उजव्या टाकीचं झाकण फिरवलंत.

टाकीने श्वास घेतला. मी ते ऐकलं. पाण्याखाली खूप वेळ राहिलेला माणूस वर आल्यावर घेतो तसा, लांब, घशातून. मागे डोह होता. मी वळून पाहिलं. पाण्यावर काही नव्हतं.

तुम्ही लगेच पंखाखाली गेलात. हवेच्या नळीच्या तोंडात चिखल होता, वाळून टणक झालेला. कुंभारीण माशीचं घर. आणि त्यावर हळदीकुंकू वाहिलेलं होतं.

घरी आल्यावर तुम्ही पक्कड घेतलीत आणि सुमनला विचारलंत, "हे कवापासून हाय?"

"बरेच दिस झाले."

"आन् मला सांगितलं न्हाई?"

"कुंभारणीचं घर मोडू न्हाई," ती म्हणाली. "ज्या घरात ती घर करती, तिथं पाळणा हलतो म्हणत्यात."

सुमनचं पाळणा हलायचं वय उलटून गेलं होतं. हे तिला ठाऊक होतं, तुम्हाला होतं, मला होतं. मला वाटलं आता तुम्ही ओरडणार. तुमचा जीव जाता जाता राहिला होता. तुम्ही बराच वेळ पक्कड हातात धरून उभे राहिलात. मग ती खाली ठेवलीत. "राहू दे ती नळी. मी दुसरी काढतो." आणि टाकीला दुसरं भोक पाडून नवी नळी बसवलीत. जुनी होती तशी ठेवलीत, कुंकवासकट. तुमचं कौतुक करायचंच झालं तर मी एवढं एकच सांगेन.

त्यानंतर उडण्याआधी तुम्ही नळीत तोंडाने फुंकर मारायचात आणि मी झाकण काढून टाकीच्या तोंडावर तळहात धरायचे. हाताला वारा लागला की मी मान हलवायचे.

दुसऱ्यांदा बंद पडलं ते आणखी विचित्र. त्या दिवशी तुम्ही बऱ्याच चकरा मारल्या. उसातून आमची खुरपणारी शेवंता पळत आली. "वैनी, उन्हातनं पाऊस पडला."

"आभाळ कुठंय?"

"आभाळ न्हाई. पर थेंब पडले. हे बघा, इथं, इथं. गार लागलं, बर्फ ठेवल्यावानी. आन् पुसाया गेले तर काहीच न्हाई."

मी तिच्या दंडाला हात लावला. कोरडा होता. वास मात्र येत होता. तेवढ्यात वरची घरघर थांबली. डोहावर.

या वेळी टाकीने श्वास घेतला नाही. उजवी टाकी तळाला गेली होती आणि डावी काठोकाठ भरली होती. तुम्ही चाकाला टेकून वाळूत बसलात. पंखाच्या खालच्या अंगाला पेट्रोलचे ओघळ वाळून गेले होते. तुम्ही म्हणालात, "वहिनी, मी दूध उतू घालवलं." उजवीतून ओढलेलं पेट्रोल परतीच्या नळीने डावीत जात होतं. डावी आधीच भरलेली. जागा नाही म्हणून ते हवेच्या नळीतून बाहेर पडत होतं, शेवंताच्या अंगावर. शेवटचं थोडं उरलं होतं ते वळताना कडेला गेलं आणि इंजिनाला मिळालं नाही. "म्हणून वळणावर बंद पडलं. आसरा न्हाई न् काय न्हाई."

गावाला हे सांगून उपयोग नव्हता. आकाशातून पडलेले आणि हात लावताच नाहीसे झालेले थेंब शेवंताने घरोघर सांगितले होते. डोहाच्या काठावरच्या शेंदूर लावलेल्या दगडांपुढे बायकांनी हिरव्या बांगड्या आणि खण ठेवले. सुमननेही ठेवले. मी नाही ठेवले. त्या डोहाला मी एकदा भरपूर दिलं आहे.

आप्पांनी मग तो कॉक केला. दोन कॉक एकमेकांना जोडलेले, वर एकच दांडा. उजवीकडे फिरवला की उजवीतून घ्यायचं आणि उजवीतच परत, डावीकडे फिरवला की डावीत, मधे ठेवला की बंद. तुमचं म्हणणं होतं की एवढं कशाला, आधी डावी टाकी वापरायची म्हणजे तिच्यात जागा होते.

आप्पा म्हणाले, "माणूस इसरतो. दांडा इसरत न्हाई."

"आन् तुझा दांडा अडकला तर?"

"तर मला शिव्या दे."

"वर असताना दिल्या तर तुला दौंडला ऐकू यायच्या का?"

"तुझ्या शिव्या सोलापूरपोत ऐकू येत्यात."

तुम्ही दोघं हसत होता. मी मिरच्या निवडत होते. हेच बोलणं नंतर आप्पा ओट्यावर बसून पुन्हा पुन्हा आठवत राहिले.

शेवटच्या सकाळी मी चुलीपाशी होते. नळीत फुंकर मारताना टाकीवर हात धरायला तुम्ही मला बोलावलं नाहीत. एकट्याने पाहिलीत की नाही, कुणाला माहीत नाही. विमान गेलं. डोहावर आवाज थांबला. मला आता त्याची सवय झाली होती. मी तव्यावरची भाकरी उलटली. दोनदा तुम्ही वाळूतून चालत घरी आला होता, आताही याल असं धरून मी तुमच्या वाटणीच्या भाकऱ्या केल्या, झाकून ठेवल्या आणि मग नदीवर गेले.

विमान वाळूवर सरळ उभं होतं. चाकांच्या रेघा एकसारख्या. तुम्ही आत बसला होता, हात मांडीवर, मान जरा डोहाकडे. बटण बंद. दांडा बंदवर. तुम्ही उतरल्यावर सगळं बंद करायचात, त्यामुळे इंजिन आधी थांबलं की तुम्ही थांबवलं, ते दांड्यावरून कळायला मार्ग नव्हता. आप्पांच्या मनात जो संशय शिरला तो तिथून शिरला.

पंचनामा होईपर्यंत पाटलांनी विमानाला हात लावू दिला नाही. पंचनामा झाल्यावर गावाने लावू दिला नाही. आसरांचं ते आसरांना द्या, डोहात ढकला, असं म्हणणं पडलं. ढकलायलाही कुणी पुढे येईना. ते तिथेच उन्हात उभं राहिलं, आणि तुमचा दहावा त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर झाला.

भावकीतल्या पोराने पिंड ठेवला. कावळा आला तो विमानाच्या पंखावर बसला. लोक हात जोडून म्हणू लागले, सुमनला सांभाळू, शेत पडीक ठेवणार नाही, तुमच्या नावाने पाणपोई घालू. कावळा बसून राहिला. ऊन तापलं होतं. आणि त्या शांततेत टाकी बोलली. टण्ण. मोठ्याने, आतून कुणी पत्र्यावर बुक्की मारावी तशी.

सगळ्यांच्या माना वळल्या. थोड्या वेळाने परत, टण्ण. एक म्हातारी उठून चालू लागली. आप्पांचा चेहरा राखेसारखा झाला. ते माझ्याजवळ येऊन हळू म्हणाले, "ऐकलंत न्हवं? श्वास कोंडलाय. नळी मोकळी असती तर टाकी अशी बोलली नसती." हे तुम्हीच आम्हाला शिकवलं होतं. आत कोंडलेली हवा तापली की पत्रा फुगतो आणि बोलतो.

मी उठले. पाटील म्हणाले, "वैनी, त्याला हात लावू नका."

"माझ्या दिराची वस्तू हाय. तुम्ही पिंडाकडं बघा."

मी चाकावर पाय देऊन वर चढले आणि उजव्या टाकीचं झाकण फिरवलं. या वेळी टाकीने श्वास सोडला, गरम, पेट्रोलच्या वासाचा, थेट माझ्या तोंडावर. मी खाली उतरून पंखाखाली वाकले. नव्या नळीच्या तोंडात चिखल होता.

आप्पा तिथेच वाळूत बसले. "बगा. म्हंजी नळी बुजली होती. आन् कॉकच्या नादात माझ्याकडनं नळीला जाळी लावायची राहून गेली. मीच."

मी चिखलाला बोट लावलं. बोट आत गेलं.

"आप्पा, उठा. हात लावून बघा."

"काय बघायचं?"

"ओला हाय."

त्यांनी हात लावला. आम्ही पाहत असतानाच कुंभारीण आली, पायांत चिखलाची गोळी धरून. आमच्या बोटांभोवती घोंघावली आणि डोहाच्या काठाकडे परत गेली. ती ते घर त्याच सकाळी बांधत होती. तुम्ही उडालात तेव्हा ती नळी मोकळी होती.

मग मी कडब्यातलं ज्वारीचं एक लांब ताट मागवलं आणि दोन्ही टाक्यांत घालून पाहिलं. डावी होती तशी भरलेली. उजवी एका चकरेपुरतीच कमी. आप्पांनी ते ओलं ताट हातात घेतलं आणि पाहत राहिले. "उजव्यातनं घेतलं, उजव्यातच माघारी दिलं," म्हणाले. पण तोंडावरचं सावट गेलं नव्हतं. "कॉक मधीच अडकून परत सुटला असंल तर?"

"तर चालू करून बघा."

पाटील नको म्हणाले. गुरुजी नको म्हणाले. तेवढ्यात सुमन आली. ती इतका वेळ बायकांत बसली होती. ती पंखाखाली वाकली, नळीतला तो चिखल करंगळीने कोरून काढला, गवताची काडी घालून नळी साफ केली आणि हात पदराला पुसला. "आता ऱ्हाऊन काय करायचंय," ती म्हणाली. "करा चालू."

शेपटाला दोर बांधून दोर बैलगाडीला बांधला, गाडीत दगड भरले. चाकांपुढेही दगड लावले. आप्पांनी पंखा हाताने फिरवला. इंजिन पहिल्यांदा खोकलं, दुसऱ्यांदा धरलं. वाळू उडाली. कावळा उडाला. गुरुजींची पत्रावळ उडाली. पिंडाचा भात नंतर तिथे नव्हता. वाऱ्याने नेला की कावळ्याने, कुणी पाहिलं नाही. गुरुजींनी कावळ्याच्या नावावर मांडला आणि दर्भ गुंडाळले.

आप्पा आत तुमच्या जागी बसले होते. मी खालून ओरडले, "बंद करू नका. संपेपर्यंत चालू द्या."

उजवी टाकी संपत आल्यावर त्यांनी दांडा डावीकडे फिरवला. इंजिन अडखळलं नाही. एक थेंब कुठून उतू गेला नाही. दहाव्याला आलेल्या माणसांची ओली धोतरं अंगावरच वाळली, सावल्या लांब व्हायला लागल्या, तरी ते चाललं होतं. आणि मग ते खोकलं, पंखा दिसायला लागला, थांबला. दोन्ही टाक्या कोरड्या झाल्या होत्या. त्या विमानाने पहिल्यांदाच सरळ कारणाने बंद होऊन दाखवलं.

आप्पा उतरले. घरी आल्यावर मी त्यांच्यापुढे ताट ठेवलं. त्यांनी भाकरी मोडली. दुसरी मागितली तेव्हा सुमन घरात जाऊन रडली. तुम्ही गेल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती. विमान आम्ही पंख उतरवून गाडीने गोठ्यात आणलं. डोहाला दिलं नाही.

तर भावजी, तुमचं यंत्र थांबलं नव्हतं. तुम्ही ते थांबवलं. छातीत कळ आली असेल, डोकं ठिकाणावर ठेवून तुम्ही वाळू गाठलीत. वाळूवरून तुमचं म्हणणं बरोबर होतं, हे मी मान्य करते. डॉक्टरांचं म्हणणंही बरोबर असेल.

आता एक उरलं. सुमनला वाचता येत नाही म्हणून इथे लिहिते. आप्पा वाचतील, पण ते सांगायचे नाहीत.

त्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी पोचले होते. तुमच्या वहाणा पंखाखाली वाळूवर होत्या, एकीला एक लावून, देवळाबाहेर काढतात तशा. तुम्ही आत अनवाणी होता आणि पायांना ओली वाळू होती. विमानापासून पाण्यापर्यंत पावलं गेली होती. पाण्याच्या कडेला ती खोल रुतली होती, माणूस एका जागी बराच वेळ उभा राहतो तशी. तहान लागली असेल, मी मनात म्हटलं. पण पाण्याची बाटली तुमच्या पाठीमागे होती, भरलेली, बूच लावलेली.

जाताना पावलं एका माणसाची होती. सरळ, तुमच्या चालण्याची. येतानाची तशी नव्हती. ती एकमेकांत मिसळलेली होती, काही जास्तच होती, दोघं जण खेटून चालावेत, थोरल्याने धाकट्याला दंडाला धरून आणावं तशी. आजारी माणूस झोकांड्या खात येतो तेव्हा पावलं अशीच पडत असतील. मी तेच धरून चालले आहे.

लोकांचे आवाज जवळ येत होते. मी वहाणा उचलून तुमच्या पायांत घातल्या. मग पदर सोडला आणि पाण्यापासून विमानापर्यंतची वाळू पदराने सारखी केली. ते झाल्यावर हाक मारली.

सुमन रोज सांजेला दिवा लावताना म्हणते, माझा माणूस शेवटाला एकटा होता. मी तिथेच बसलेली असते. मी काही बोलत नाही.